इवलीची शेंडी

४ मार्च

"मापं ऑफिसच्या वहीत लिहा आणि शंका घरच्या," असं सर आम्हाला शिकवताना सांगायचे. मोठं काम हाती आलं की मी घरची वही उघडते. पहिलं पान कोरं ठेवण्याचा मोह याही वेळी झाला. पण ते कोरं ठेवलं की दुसरंही कोरंच राहतं, हा अनुभव आहे.

संशोधनाच्या जहाजाने पाठवलेल्या पेट्या आज संग्रहालयात आल्या. अडीच हजार मीटर खोलवरचा चिखल आणि त्यातले तारामासे, स्पिरिटमध्ये बुडवलेले. पिठूळ राखाडी, पाच हातांचे, काही शर्टाच्या बटणाएवढे तर काही बशीएवढे. आमचे संचालक टेबलावर वाकले आणि म्हणाले, "यात नवीन काही आहे का हो, बाई?" जणू मी मंडईत टोपली लावून बसलेय. मी म्हटलं, बघून सांगते.

बघायला वेळ लागला नाही. सहा नमुने मध्यम आकाराचे आहेत आणि ते कशातच बसत नाहीत. चिखलात राहणाऱ्या या गटाच्या दोनच प्रजाती आमच्या समुद्रात नोंदलेल्या आहेत. एक मोठी, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी नोंदवलेली. तिचं लॅटिन नाव लिहिता लिहिता शाई संपते, म्हणून आम्ही तिला 'थोराड' म्हणतो. तिच्या पाठीवर मधोमध नुसता एक उंचवटा असतो. दुसरी लहान चणीची. तिच्या पाठीवर उंचवट्याच्या जागी लांब दांडी असते, वांग्याच्या देठासारखी. सर तिला शेंडी म्हणायचे. ही प्रजाती सरांनी शोधली, तिचं नाव इवली. आज आलेल्या सहांना अर्धवट शेंडी आहे, म्हणजे ना धड थोराड, ना धड इवली.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रजातींची लेबलं दुरुस्त करत आले. माझी स्वतःची अशी एकही नाही. आज घरी येताना दोन थांबे आधीच बसमधून उतरले आणि चालत आले, काही कारण नसताना.

६ मार्च

तुलनेसाठी जुने नमुने हवे होते, म्हणून मागच्या भांडारात गेले. भांडार सांभाळणाऱ्यांना आम्ही सगळेच मामा म्हणतो. मामा दारातच आडवे आले. "खिडकीखालच्या फळीला हात लावू नका. सरांनी रिटायर होण्याआधी स्वतः लावलीय. पुसायला गेलो तरी ओरडायचे."

फळीवर बरण्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभ्या होत्या, शाळेच्या फोटोसाठी उंचीने उभ्या केलेल्या पोरांसारख्या. आणि कहर म्हणजे इवलीच्या आणि थोराडच्या बरण्या एकाच रांगेत. नोंदणी क्रमांकाचा कुठे पत्ता नाही. मध्ये हातभर जागा उगाच मोकळी, धूळ खात पडलेली. ज्या माणसाने आम्हाला एक लेबल तिरकं चिकटवलं म्हणून वर्गाबाहेर काढलं, त्याची ही फळी. निवृत्तीच्या सुमारास त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, ऑपरेशन होतं, लक्ष उडालं असणार. वाईट वाटलं.

मामांची समजूत काढली आणि सगळं नीट केलं. इवली एका फळीवर, थोराड दुसरीवर, दोन्ही क्रमांकाने. जुन्या फळीवर बरण्यांच्या बुडांचे गोल डाग राहिलेत. ओल्या फडक्याने घासले तरी निघाले नाहीत.

९ मार्च

सरांकडे गेले होते. आता ते खिडकीजवळच्या आरामखुर्चीतच असतात, नाकाला ऑक्सिजनची नळी. बोलताना मध्ये थांबावं लागतं, पण खवचटपणा शाबूत आहे. मला बघून म्हणाले, "आली पेन्सिल. अजून केसांतच खोचतेस की आता खिसा शिवून घेतलास?" कॉलेजात मी अंबाड्यात पेन्सिल खोचायचे, तेव्हापासून हे नाव आहे.

त्यांच्या डोक्यावर भिंतीला ते चित्र आहेच. इवली प्रजातीचं पहिलं चित्र, सरांनी स्वतः काढलेलं, काचेच्या चौकटीत. काकू रोज ती काच पुसतात. इवली ही त्यांची मुलगी. शाळेत जायच्या वयाची होण्याआधीच तापाने गेली. मी तिला पाहिलेलं नाही, फोटो पाहिलाय. डोक्यावर मधोमध बांधलेली सरळ उभी शेंडी आणि पुढच्या दोन दातांत फट. त्याच वर्षी सरांना तो शेंडीवाला तारामासा सापडला, तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. फोटो काकू कपाटात ठेवतात. चित्र मात्र भिंतीवर.

जहाजाच्या पेट्यांबद्दल सांगितलं. मध्यम आकाराचे सहा आहेत म्हटल्यावर सर खुर्चीत सावरून बसले. "मध्यम? शेंडी आहे त्यांना?"

"आहे, पण अर्धवट."

त्यांनी नाकावरची नळी सारखी केली. मग म्हणाले, "भांडारातली खिडकीखालची फळी पाहिलीस का?"

"पाहिली ना. सगळी मिसळ झाली होती. नीट लावून टाकली, क्रमांकाने."

"क्रमांकाने," सर म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले आणि काकूंना म्हणाले की हिला चहा दे.

मी त्यांच्या फळीला हात लावला ते आवडलं नसावं. म्हातारपणी माणसं वस्तूंच्या जागांवरून हळवी होतात. माझी आईही चमचा हलवला तरी रुसायची.

१७ मार्च

काम झकास चाललंय. नवऱ्याने दवाखान्यातून दात खरवडायच्या बारीक सळ्या आणून दिल्यात. तो दातांचा डॉक्टर आहे. त्या सळ्यांनी हातांच्या कडेच्या चकत्यांमधला चिखल फार सुरेख निघतो. तो म्हणतो, "माझे पेशंट इतके गप्प बसत नाहीत."

रोज चकत्या मोजते. प्रत्येक हाताच्या दोन्ही कडांना त्या ओळीने असतात, भिंतीच्या विटांसारख्या. मग केंद्रापासून हाताच्या टोकापर्यंतचं माप, मग शेंडीचं. नावाचाही विचार सुरू झालाय. आपल्या शोधाला आपलंच नाव द्यायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. द्यायचं ते दुसऱ्याचं. सरांचं द्यावं असं मनात आहे. इवलीच्या शेजारी तिचे बाबा. हे लिहिताना मलाच बरं वाटलं.

२६ मार्च

आज लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

आज सगळी मापं एका कागदावर मांडली. आडवी हाताची लांबी, उभी शेंडीची उंची हाताच्या मानाने. प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका. प्रजाती तीन असतील तर ठिपक्यांचे तीन पुंजके व्हायला हवेत. पुंजके झाले नाहीत. एक रेघ झाली, वरून खाली उतरत जाणारी, मध्ये कुठेही न तुटणारी. इवल्या वरच्या टोकाला, थोराड खालच्या टोकाला, आणि माझे सहा बरोबर मध्ये, दोघांना जोडणारे.

मग चकत्या पाहिल्या. हात लांबतो तशी टोकाला नवी चकती येते. शेंडी तेवढीच राहते आणि शरीर वाढतं, मग ती झिजते आणि शेवटी उंचवटा उरतो. तीन प्रजाती नाहीत. दोनही नाहीत. एकच आहे. ज्याला आम्ही इवली म्हणतो ते थोराडचं लहानपण आहे.

सरांच्या हातून अशी चूक कशी झाली, हे मला कळतं. त्यांच्याकडे फक्त अगदी लहान आणि अगदी मोठे नमुने होते, मधले नव्हते. लहान मूल आणि आजोबा शेजारी उभे केले आणि मधलं कुणी पाहिलंच नाही, तर कोण म्हणेल ही एकाच जातीची माणसं आहेत.

माझी नवी प्रजाती गेली. त्याचं वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. कारण नियम असा की जुनं नाव राहतं. थोराडचं नाव जुनं आहे. इवलीचं खालच्या ओळीत जाणार, आणि ते माझ्या हाताने.

२७ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मग सांग त्यांना."

"इतकं सोपं आहे?"

"दात काढावा लागेल हे मी रोज लोकांच्या तोंडावर सांगतो. आधी तोंड वाकडं करतात, मग म्हणतात, बरं झालं एकदाचं."

"हा दात नाही. त्यांची मुलगी आहे."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "ते तुझे सर आहेत. तुला काय वाटतं, त्यांना काय आवडेल? तुझी दया, का तुझं मोजमाप?" मी ताट उचलून आत गेले. माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघत असतो, त्याला असली वाक्यं सुचतात.

२ एप्रिल

आज सरांकडे गेले ते सांगायचं ठरवूनच. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. सर, एक गोष्ट आहे. सर, मधले नमुने मिळाल्यामुळे आता. सर, तुम्हीच शिकवलं होतं.

त्यांची तब्येत फार उतरलीय. मनगटं माझ्या मनगटाच्या निम्मी दिसली. मी बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, "शेंडीचं माप घेतलंस?"

"घेतलं."

"हाताच्या मानाने?"

"हो."

"मग?"

काकू तेव्हा चौकटीची काच पुसत होत्या. फडकं थांबवून त्या माझ्याकडे वळल्या, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशा. त्यांच्या डोक्याच्या बरोबर मागे ती शेंडी दिसत होती. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हटलं, "तीन वेगळ्या प्रजाती आहेत, सर."

"तीन," सर म्हणाले.

"हो."

"खात्री आहे?"

"आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तोंडी परीक्षेत चुकीचं उत्तर दिलं की असेच पाहायचे. पुढचा प्रश्न न विचारता, आणखी एक संधी देत असल्यासारखे. मी खाली पाहिलं. काकू मात्र खूश झाल्या. "म्हणजे आमच्या इवलीला बहीण मिळाली म्हण की," असं म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात ओला होता, फडक्यामुळे.

निघताना सरांनी माझी बाही धरली. "पेन्सिल, शंका अजून घरच्या वहीत लिहितेस?"

"हो, सर."

"तिथेच ठेवू नकोस."

मला वाटतं त्यांना घाई झालीय. नवी प्रजाती लवकर छापून यावी, आपल्या डोळ्यांनी बघावी, असं वाटत असेल. बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईने न विचारता खिडकीची जागा दिली.

३ एप्रिल

माझं गणित मांडते. सर आता फार दिवसांचे नाहीत, हे डॉक्टरांनी काकूंना सांगितलंय. चार-सहा महिने उशिरा छापलं तर कुणाचं काही अडत नाही. तारामाशांना तर नाहीच. मग मी मूग गिळून बसले तर त्यात वाईट काय? एका म्हाताऱ्या माणसाला त्याची मुलगी शेवटपर्यंत राहू दिली. यात माझा फायदा काही नाही. उलट ज्या माणसाने मला मोजायला शिकवलं, त्याला मी आता मोजता न येणारी वाटत असेन.

हे वाक्य लिहिलं आणि तिथेच थांबले. हे मला आधी सुचलं नव्हतं.

१९ एप्रिल

सर पहाटे गेले. झोपेतच. काकूंचा फोन नवऱ्याने घेतला.

२३ एप्रिल

काकूंकडे रोज जाते. लोक येतात, बसतात, चित्राकडे बघून विचारतात हे काय आहे, आणि काकू सांगतात, "ही ह्यांची इवली." आज येणारे कमी होते. आम्ही दोघीच चहा घेत बसलो होतो. काकू म्हणाल्या, "मागे तू आली होतीस ना, तीन प्रजाती म्हणालीस, त्या दिवशी तू गेल्यावर हे फार गप्प होते. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाले, आता ती बोलायची नाही. कशाबद्दल ते काही सांगितलं नाही. तुमचं भांडण वगैरे झालं होतं का गं?"

मी नाही म्हटलं.

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं की मी काहीतरी लपवते आहे. पण काय लपवते आहे, ते त्यांना कसं कळणार? मधले नमुने तर त्यांनी पाहिलेच नाहीत.

६ मे

आज कळलं.

संचालकांना माझं टेबल दुसऱ्या कुणासाठी हवं होतं, म्हणून मापांसाठी आणलेल्या सगळ्या बरण्या घेऊन भांडारात गेले. दुसऱ्या फळीवर मामांनी आता शंखांचे खोके ठेवलेत, त्यामुळे थोराड आणि इवली दोन्ही खिडकीखालच्या जुन्या फळीवरच बसवायच्या होत्या. क्रमांकाने मांडायला घेतल्या. पण फळीवर ते गोल डाग होतेच. मोठी बरणी छोट्या डागावर आली की डाग झाकला जाई, छोटी मोठ्यावर आली की बाहेर कडं उरे. माझा स्वभाव असा की असलं दिसलं की हात शिवशिवतात. म्हटलं, जाऊ दे क्रमांक, ज्याच्या त्याच्या डागावर ठेवावं. एकेक उचलून बसवत गेले. सगळ्यात लहान इवली भिंतीकडे, मग तिच्याहून जरा मोठी, मग आणखी मोठी इवली. मग मोकळी जागा. तिथे डाग नव्हता, बरणी कधी ठेवलेलीच नव्हती. मग सगळ्यात लहान थोराड, मग मोठी, मग बशीएवढी.

मागे सरकून पाहिलं. कागदावर मी जी रेघ काढली होती, ती फळीवर उभी होती.

माझे सहा नमुने त्या मोकळ्या जागेत ठेवले. बरोबर मावले.

सरांना माहीत होतं. निवृत्त होण्याआधीच माहीत होतं. फक्त मधले नमुने नव्हते, म्हणून पुरावा नव्हता, आणि स्वतःच्या हाताने मुलीचं नाव पुसायचं बळही नसेल. म्हणून त्यांनी मधली जागा सोडून रांग लावली आणि कुणालाही हलवू दिली नाही. कुणीतरी मोजता येणारं येईल आणि बघेल म्हणून. ती मीच होते. मी आले, पाहिलं, आणि आवरून ठेवलं. नंतर त्यांना तोंडावर सांगितलं की तीन आहेत, खात्री आहे.

मामा विचारत होते, बाई, खुर्ची आणू का.

११ मे

आज काकूंना सगळं सांगितलं. आता कुणाला वाचवायचं उरलंच नव्हतं, म्हणून मला एकदम सोपं गेलं, आणि याचीच मला लाज वाटते. रेघ, शेंडी, जुन्या नावाचा नियम, फळी. त्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या, सरांच्या खुर्चीवर. मी म्हटलं, "इवली हे नाव खालच्या ओळीत जाईल, काकू. नाहीसं होत नाही. थोराडच्या नावाखाली सरांच्या नावासकट, वर्षासकट कायम छापलं जातं. पण वेगळी प्रजाती म्हणून नाही."

मी रडण्याची तयारी करून गेले होते, त्यांच्या आणि माझ्याही. त्या रडल्या नाहीत. भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही लहान आहे."

"हो."

"मोठी झाल्यावर वेगळी दिसते."

"खूप वेगळी."

"मला मोठी झालेली बघायचीय," काकू म्हणाल्या. "कधी नेशील?"

१४ मे

काकूंना संग्रहालयात आणलं. इतक्या वर्षांत त्या भांडारात कधी आल्या नव्हत्या. पायऱ्या चढायला वेळ लागला. मामांनी खिडकीखाली खुर्ची ठेवली होती, पण त्या बसल्या नाहीत. भिंतीकडच्या पहिल्या बरणीशी उभ्या राहिल्या, तिच्यावर सरांच्या अक्षरातलं लाल लेबल आहे, ज्या नमुन्यावरून नाव दिलं त्याला लावतात ते. "ही आमची," म्हणाल्या. मग एकेक बरणी करत पुढे सरकल्या. मधल्या सहांशी थांबून त्या म्हणाल्या, "शेंडी आखूड होत गेली."

"वाढताना जाते."

"जायचीच. शाळेत जायला लागल्या की मुली शेंडी बांधूच देत नाहीत."

शेवटच्या बरणीपाशी त्या किती वेळ उभ्या होत्या ते मी पाहिलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी काचेवर पंजा ठेवला. आतला तारामासा त्यांच्या पंजाहून मोठा होता. "एवढी होते?" असं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

"मला आपलं वाटायचं, ती तेवढीच आहे," काकू म्हणाल्या. "रोज काच पुसायची मी, ती तेवढीच. ह्यांनाही तसंच वाटत होतं का गं?"

"नाही, काकू. त्यांना माहीत होतं."

"मग मला कधी आणलं कसं नाही इथे?"

मला वाटतं, तुम्हाला सोसणार नाही असं त्यांना वाटलं, आणि त्यांना सोसणार नाही असं मला. पण हे मी बोलले नाही. मी म्हटलं, "ते मधल्यांची वाट बघत होते. ते आले. मी सांगितलं नाही."

काकूंनी काचेवरचा हात काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेख उद्या पाठवते आहे. पण त्याचं मला काही वाटत नाही. राहून राहून एकच डोळ्यांसमोर येतं. त्या दिवशी मी खाली न बघता एक वाक्य खरं बोलले असते, तर आठवडाभरात टॅक्सी करून, नळी आणि सिलिंडरसकट, सरांना इथे आणता आलं असतं. पायऱ्यांवर मी आणि मामांनी खुर्ची उचलली असती. मामांनी मांडलेली खुर्ची आज दिवसभर रिकामीच होती.